नेकेड मोल रॅटचं विष्ठाभक्षण

नेकेड मोल रॅट, म्हणजे बिळात वसाहत करून राहणारा जवळपास केस नसलेला कृंतक प्राणी, 'अन्न कमी पडलं की विष्ठा खातो' असं म्हटलं जातं, ते पटत नाही. कंद भरपूर असतानाही तो खातोच, कारण त्याच्या पचनाची मांडणीच तशी आहे. कंदातलं सेल्युलोज (वनस्पतींतला तंतुमय भाग) जिवाणू आंबवतात ते उंडुकात, म्हणजे लहान आतडं संपतं तिथल्या पिशवीत. त्यातून निघणारी मेदाम्लं तिथेच शोषली जातात. पण जिवाणूंच्या अंगातली प्रथिनं पचवायची जागा, म्हणजे जठर आणि लहान आतडं, तोवर मागे पडलेली असते. मग तोच माल पुन्हा तोंडावाटे आत! गायीत हे आंबवणं खऱ्या जठराच्या आधीच्या कप्प्यात होतं, म्हणून तिला ही उठाठेव लागत नाही.

आता पिल्लांबद्दल. दूध सुटायच्या सुमारास ती वसाहतीतल्या मोठ्यांकडे विष्ठा मागतात, आणि जिवाणूंचा साठा त्यातून मिळतो. नुसत्या आईकडून नव्हे. याच वाटेने संप्रेरकंही जातात: गाभण राणीची (वसाहतीत पिल्लं देणाऱ्या मादीची) विष्ठा खाल्लेल्या कामकरी माद्यांमध्ये एस्ट्राडायॉल हे स्त्री-संप्रेरक वाढून त्या पिल्लांच्या आवाजाला जास्त प्रतिसाद देतात, असं 2018 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. इस्राएलच्या आंधळ्या उंदराशी, स्पॅलॅक्सशी, आतड्यातल्या जिवाणूंची तुलना करताना मात्र जपून. तोही बिळातला कंदखाऊ, पण कुळाने घरातल्या उंदराच्या जवळचा; नेकेड मोल रॅट साळिंदर-गिनीपिगच्या बाजूचा. दोघांत सापडलेलं साम्य आहारामुळे असू शकतं, फरक मात्र निव्वळ वंशामुळेही असू शकतो.