गोठवलेलं दही आणि पोट

दही गोठवलं की त्यातले उपयोगी जिवाणू मरतात, मग घरी गोठवलेलं दही करायचा खटाटोप कशाला, असं कुणीतरी विचारलंय. सगळे मरत नाहीत हो! फ्रीझरच्या उणे १८ अंशांत थोडे दगावतात, पण बरेचसे नुसते निपचित पडून राहतात आणि पोटातल्या उबेत पुन्हा जागे होतात.

माझी पहिली खेप मात्र दगड झाली होती, चमचा वाकला. कारण साखर जवळजवळ काढूनच टाकली होती. साखरेमुळे पाणी पूर्ण गोठत नाही, ती गेली की नुसता बर्फ उरतो. आता पिकून काळे ठिपके पडलेली केळी चकत्या करून गोठवते आणि दह्याबरोबर मिक्सरमधून काढते. आधी चुरा दिसतो, मग एकदम लोण्यासारखं होतं. चाखताना किंचित जास्त गोड लागू दे, थंडपणात गोडी कमी जाणवते.

‘शुगर-फ्री’ म्हणून माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते गोड पदार्थ) घालणार असाल तर जरा जपून, जास्त झालं तर पोटात गुडगुड आणि जुलाब. आणि गोडीसाठी मध घालणार असाल तर वर्षाच्या आतल्या बाळाला तो अजिबात नको, गोठवलेलासुद्धा.