मदत हवी आहे : बायपोलर आणि दारू, दोन्हींवर एकत्र उपचार कुठे?

धाकट्या भावाला (वय ३४, सातारा) बायपोलर (मनःस्थिती कधी टोकाची उत्तेजित, कधी खूप उदास होणारा मानसिक आजार) आहे. त्यावरचं लिथियम हे औषध चालू आहे, पण दारूही सुटत नाही. व्यसनमुक्ती केंद्र म्हणतं, आधी मानसिक आजार आटोक्यात आणा; मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात, आधी दारू थांबवा. यात त्याचे हाल होतात. एकदम दारू बंद केली तर फिट येऊ शकते, म्हणून घरच्या घरी सोडवायचा धोका आम्हाला पत्करायचा नाही.

मध्यंतरी तो "जगून काय करू" असं म्हणाला. आम्ही त्याला सरळ विचारलं, तो मोकळेपणाने बोलला. तेव्हापासून औषधं आईच्या ताब्यात असतात, रात्री कोणीतरी सोबत झोपतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला (१४४१६) फोन केला, त्यांनी धीर दिला आणि भरती करा असं सुचवलं. डॉक्टरांनाही सगळं सांगितलंय. लिथियमची रक्तपातळी नुकतीच तपासली, ठीक आहे. एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) सभेला तो दोनदा गेला, पुढे टिकला नाही.

भरती व्हायला तो अजून तयार नाही. विमा आहे, महागडं खासगी केंद्र परवडणार नाही.

पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर भागात मानसोपचारतज्ज्ञ रोज पाहतील आणि दोन्हींवर एकत्र उपचार होतील अशी जागा कोणाच्या अनुभवात आहे का? आणि मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम ८९ खाली (रुग्ण स्वतः तयार नसताना) भरती करताना नातेवाइकाकडून कोणती कागदपत्रं मागतात?