१९.८ किलोहर्ट्झवरील आलेखातील चढउतार: सौर ज्वाळा की घरातला गोंगाट?

लूपवाला (प्रश्न)

नमस्कार. एक मीटर बाजूची चौकोनी लूप अँटेना, तिच्यामागे लहानसा प्रवर्धक आणि लॅपटॉपचे साउंड कार्ड एवढ्या साधनांवर मी ३ ते ३० किलोहर्ट्झ या अतिनिम्न वारंवारतेच्या पट्ट्यातील संकेत नोंदवू लागलो आहे. वॉटरफॉलमध्ये (काळासोबत सरकत जाणाऱ्या वर्णपटाच्या चित्रात) १९.८ किलोहर्ट्झवर एक ठळक रेघ दिसते. ती ऑस्ट्रेलियातील नॉर्थ वेस्ट केप येथील नौदल केंद्राची असावी, असा माझा अंदाज आहे. या केंद्राच्या तीव्रतेवरून सौर ज्वाळांची नोंद घ्यावी, हा माझा हेतू आहे. मात्र आलेखात दिवसातून अनेकदा सरळसोट पायऱ्या येतात आणि काही वेळाने तशाच उतरतात. यातले सूर्याचे काय आणि घरातले काय, हे कसे ओळखावे?

जुना श्रोता

आधी ती खरोखर केंद्राचीच रेघ आहे का, हे तपासावे. ही नौदल केंद्रे बहुधा सेकंदाला २०० बिट्स या वेगाने एमएसके पद्धतीने (वारंवारता किंचित वरखाली करून बिट्स पाठवण्याच्या पद्धतीने) प्रसारण करतात. त्यामुळे वर्णपट मोठा करून पाहिल्यास सुईसारखी रेघ दिसत नाही, तर दोन-तीनशे हर्ट्झ रुंदीचा गोलसर उंचवटा दिसतो. एकच बारीक रेघ असेल आणि तिच्या दोन्ही बाजूंना ५० किंवा ६० हर्ट्झच्या पटीत तशाच आणखी रेघा असतील, तर ती वीजवाहिनीची देणगी समजावी. रेघ जाड, फिसकटलेली आणि हळूहळू सरकणारी असेल, तर बहुतेक कुठल्या तरी चार्जरमधला किंवा एलईडी दिव्यातला स्विचिंग पुरवठा बोलतो आहे.

त्यानंतर लूप सावकाश फिरवावी. लूपच्या पातळीला काटकोनात असलेल्या दिशेकडून येणारा संकेत जवळजवळ नाहीसा होतो. पृथ्वीगोलावर केंद्राकडे जाणारी सर्वांत जवळची वाट काढून पाहावी. नाहीसे होण्याची दिशा त्या वाटेशी जुळली तर उत्तम. ती घरातल्या वायरिंगकडे बोट दाखवत असेल, तर शोध तिकडेच घ्यावा. लॅपटॉपही चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावा. बहुतेकांचा निम्मा गोंगाट तिथेच संपतो.

सर्वांत उपयोगी युक्ती मात्र वेगळीच आहे. ज्या जागी कोणतेही केंद्र नाही अशा शेजारच्या वारंवारतेचीही तीव्रता त्याच वेळी नोंदवत राहावे. दोन्ही आलेख एकदम उडी घेत असतील, तर ती उडी सूर्याची नव्हे.

दिवसपाळी

वरील सूचनांशी सहमत आहे. ज्वाळेचा आकार कसा असतो, एवढे त्यात जोडतो. ज्वाळेतील क्ष-किरण आयनांबराच्या (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाच्या) सर्वांत खालच्या डी थरात एकाएकी जास्त आयनीभवन करतात. दिवसा सुमारे ७० किलोमीटरवर असलेली परावर्तनाची पातळी त्यामुळे आणखी खाली येते आणि केंद्रापासून आपल्यापर्यंतच्या वाटेचे गणित बदलते. म्हणून आलेख काही मिनिटांत चढतो आणि अर्धा-एक तास रेंगाळत उतरतो. सरळ भिंतीसारखी चढण आणि तशीच उतरण हे ज्वाळेचे लक्षण नाही. केंद्र देखभालीसाठी बंद झाले, तर आलेख क्षणात गोंगाटाच्या पातळीवर कोसळतो. तेही ओळखता आले पाहिजे.

येथे एक मेख आहे. ज्वाळेमुळे तीव्रता वाढतेच असे नाही. वेगवेगळ्या रीतीने आलेल्या लहरी एकमेकींना पूरक ठरतात की मारक, यावर सारे अवलंबून असते, त्यामुळे काही वाटांवर आलेखाला खड्डाही पडतो. सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या सुमारास तर असे खड्डे रोजच दिसतात, आणि नवखे लोक त्यांनाच ज्वाळा समजून बसतात. वाट अंधारात असताना दिसलेला बदल ज्वाळेच्या खाती टाकू नये. शंका आल्यास अमेरिकेच्या गोज या हवामान उपग्रहांचा क्ष-किरणांचा आलेख उघडून वेळ ताडून पाहावी. एम आणि एक्स या प्रबळ वर्गांतील ज्वाळा साध्या साधनांवरही सहसा सुटत नाहीत. सी वर्गातील दुबळ्या ज्वाळा मात्र पुष्कळदा हातातून निसटतात.

शक्य असल्यास आणखी एक केंद्र जोडीला घ्यावे. साउंड कार्डाची नमुनेगती (सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांची संख्या) ४८ किलोहर्ट्झ असेल तर तिच्या निम्म्याच्या, म्हणजे २४ च्या पलीकडचे काही दिसत नाही आणि नेमके २४.० वर बसलेले अमेरिकेतील कटलरचे केंद्र कडेला पडते; म्हणून कार्डाला झेपत असेल तर ९६ ठेवावे.

उघडे माळरान

ज्वाळांसाठी लूप ठीक आहे, पण या पट्ट्यातील खरी मौज केंद्रांमध्ये नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. उभी लहान दांडी आणि उच्च रोधाचा प्रवर्धक घेऊन झाडांपासून व तारांपासून दूर उघड्यावर जावे आणि १० किलोहर्ट्झच्या खालचे नुसते कानाने ऐकावे. दूरच्या विजांचा तडतडाट सतत चालू असतो. रात्री त्यातले काही तडाके टुइंग असे लांबतात, कारण जमीन आणि आयनांबर यांच्यामधल्या पोकळीतून सुमारे १.७ किलोहर्ट्झच्या खालची लहर नीट पुढे जात नाही आणि त्या सीमेजवळच्या लहरी मागे रेंगाळतात. त्या सीमेवरून आयनांबराची उंचीही काढता येते: प्रकाशाच्या वेगाला तिच्या दुपटीने भागले की ८८ किलोमीटरच्या आसपास आकडा येतो. विजेतून निघून पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून दूर अवकाशात जाऊन आलेल्या लहरींची, म्हणजे व्हिसलरची, शीळ वरच्या पट्टीतून खाली घसरते. ती मध्यम चुंबकीय अक्षांशांवर अधिक मिळते, विषुववृत्ताजवळ क्वचितच.

लूपवाला

सर्वांचे आभार. शेजारच्या रिकाम्या वारंवारतेची युक्ती लगेच लावली. बहुतेक पायऱ्या दोन्ही आलेखांवर एकाच वेळी येतात, म्हणजे त्या घरातल्याच आहेत. एक उपप्रश्न विचारतो. ८.३ किलोहर्ट्झच्या खाली काही हौशी मंडळी प्रसारणही करतात, असे वाचले. ते आपल्या आवाक्यातले आहे का?

जुना श्रोता

आंतरराष्ट्रीय वाटपात ८.३ किलोहर्ट्झच्या खालचा भाग कोणत्याही सेवेला दिलेला नाही. पण म्हणून परवानगी आपोआप मिळते असे नाही, ती आपापल्या देशाच्या परवाना अधिकाऱ्यांना विचारूनच घ्यावी. ८.२७ किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३६ किलोमीटर आहे, तेव्हा अंगणात मावेल अशा तारेतून प्रत्यक्ष उत्सर्जित होणारी शक्ती मायक्रोवॅटमध्येच मोजावी लागते.

प्रसारणाआधी ग्रहण जमवावे, असे सुचवतो. इतका दुबळा संकेत तासभर साठवून पाहिला की पट्टारुंदी ०.०००२८ हर्ट्झपर्यंत खाली येते. साउंड कार्डाची नमुनेगती ठरवणारा स्फटिक दशलक्षात दहा भागांनी चुकला तरी या वारंवारतेवर चूक ०.०८ हर्ट्झ होते, म्हणजे पट्टारुंदीच्या जवळपास तीनशे पट. म्हणून जीपीएस ग्राहकाचा दर सेकंदाचा स्पंद कार्डाच्या दुसऱ्या चॅनेलवर देऊन नमुनेगती सतत दुरुस्त करतात. तो स्पंद रोधकांनी पुरेसा खाली आणूनच जोडावा, अन्यथा पहिल्या चॅनेलमध्ये गळून तो दर हर्ट्झला एक खोटी रेघ उभी करतो.