अपग्रेडनंतर फोटो लायब्ररी उघडेना: आधी रिपेअर, डिलीट नको
मॅकओएस (मॅक कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम) अपग्रेडनंतर 'फोटोज' ॲपची लायब्ररी उघडत नसेल तर ती डिलीट करून नवी करा, असा सल्ला कोणीतरी दिलाय. कृपया तसं करू नका. फोटो बहुतेक वेळा जागेवरच असतात, बिघडलेला असतो तो त्यांची नोंद ठेवणारा डेटाबेस.

खात्री करून घ्या: पिक्चर्स फोल्डरमधल्या लायब्ररीवर राइट क्लिक, 'शो पॅकेज कंटेंट्स', मग 'ओरिजिनल्स' फोल्डरमध्ये फोटो दिसतात का बघा. जुन्या लायब्ररीत त्याचं नाव 'मास्टर्स' असतं. नुसतं बघा, आत काहीही हलवू नका.

मग लायब्ररीची पूर्ण कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्या. फोटोज बंद करा, ऑप्शन आणि कमांड दाबून ठेवून पुन्हा उघडा आणि 'रिपेअर' निवडा. मोठ्या लायब्ररीला तासन्‌तास लागू शकतात. काम किती झालं ते दाखवणारी पट्टी अडकल्यासारखी वाटली तरी मध्येच बंद करू नका.

लायब्ररी बाहेरच्या डिस्कवर असेल तर डिस्कचा फॉरमॅट (फाइल्स साठवायची पद्धत) बघाच. एक्सफॅट चालत नाही. एपीएफएस किंवा मॅकओएस एक्स्टेंडेड जर्नल्ड हवा. डिस्कच्या 'गेट इन्फो'मध्ये तळाशी 'इग्नोर ओनरशिप ऑन धिस व्हॉल्यूम'वर टिक हवी. परवानगीची तक्रार बऱ्याचदा तेवढ्यानंच मिटते.