‘घनु वाजे घुणघुणा’मधली पोळी

महालकर:
भाचीला कॉलेजच्या कार्यक्रमात ज्ञानेश्वरांची ही विराणी म्हणायची आहे, कान्ह्याच्या भेटीसाठी तळमळणाऱ्या बाईची. लताबाईंच्या आवाजात, हृदयनाथांच्या चालीत आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. पण ‘चंदनाची चोळी माझे सर्व अंग पोळी’ आलं की पोरीला हसू आवरत नाही, तिला पुरणपोळीच दिसते. वर तिचं म्हणणं, मामा, हे ब्रेकअपचं गाणं आहे. तसं आहे का? मला तर हे एकनिष्ठ प्रेमाचं गाणं वाटायचं, पण निष्ठा, इमान असा शब्द तर यात कुठंच नाही.

धंतोलीकर:
पोळी इथे क्रियापद आहे: पोळवते, भाजते. चंदनाची चोळी म्हणजे अंगभर घातलेली चंदनाची उटी. भाचीला सांगा, ‘चहानं हात पोयला’ म्हणतो ना आपण, तोच हा शब्द. वऱ्हाडी बोलण्यात डोळ्याचा डोया होतो, केळीची केयी होते, तसा पोळलाचा पोयला झाला. पुस्तकात पाहिला की परका वाटतो, एवढंच.
जळणं आणि पोळणं यांत फरक आहे. जळलं की वस्तू संपते. पोळलं की चटका बसतो आणि माणूस तिथंच असतो, कळवळत. या बाईचं नेमकं तसं झालंय. पुढच्या कडव्यात फुलांची शेज ‘सीतळ वो निकी’ म्हणते, निकी म्हणजे चांगली, हिंदीतल्या नीकीसारखी. आणि लगेच ‘पोळे आगीसारिखी’. शेज थंड आहे हे तिला कळतंय, तरी अंगाला चटका बसतोय. ज्ञानदेवांनी दोन्ही गोष्टी एकाच कडव्यात ठेवल्यात, ही खरी कमाल.

बर्डीकर:
मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या खोलीत या, चंदन लावूनही पोळतं का नाही ते पाहा. 😀
बाकी ‘वो’ म्हणजे ‘अगं’. बाया एकमेकींना ‘काय वं’ म्हणतात, त्याच्या जवळचा. ती देवाशी बोलत नाहीये, सख्यांना सांगतेय.

महालकर:
हाव, हे पटलं. आणि घनु की धनु? एका वहीत धनु आहे.

धंतोलीकर:
घनुच. घन म्हणजे ढग. जुन्या मराठीत अकारान्त पुल्लिंगी नामांना शेवटी उकार असायचा, याच गाण्यातला भवतारकु पाहा. घुणघुण हा लांबून येणारा बारीक आवाज, गडगडाट नव्हे. ढग अजून दूर आहेत, पाऊस यायचाय.
ब्रेकअपचं म्हणाल तर मला पटत नाही. त्यानं तिला सोडलंय असं एकाही ओळीत नाही. ‘वेगीं भेटवा’ म्हणते, म्हणजे भेट होईल ही खात्री आहे, फक्त उशीर सोसवत नाही. इमानाचं म्हणाल तर ते ‘देवकीनंदने विण नावडे वो’ यात आहे. चंद्र, चांदणं, चाफा, चंदन, प्रेमाच्या कवितेतला सगळा सरंजाम समोर मांडलाय आणि ती म्हणते, त्याच्याशिवाय यातलं काहीच नको. कोकिळेलाही गप्प करा म्हणते. शपथा, वचनं यांची गरजच पडत नाही.

बर्डीकर:
पण भवतारकु पहिल्याच कडव्यात आलाय. संसारातून तारणारा. म्हणजे हे प्रियकराचं गाणं नाहीच, भक्तीचं आहे.

धंतोलीकर:
दोन्ही आहे, भाऊ. नुसती भक्ती म्हटली तर चोळी, शेज कशाला हवी होती? विराणी म्हणजे विरहिणीचं गाणं. विरह अंगाला लागल्याशिवाय ती उभीच राहत नाही.

महालकर:
शेवटच्या ‘दर्पणीं पाहतां रूप न दिसे वो आपुलें’चं काय? भाची म्हणते, रडून रडून डोळे गेले.

धंतोलीकर:
आपुलें म्हणजे स्वतःचं. आरशात पाहिलं तर मीच दिसत नाही. मग कोण दिसतं ते ती सांगत नाही, पण पुढे लगेच ‘बापरखुमादेवीवरें विठ्ठलें मज ऐसें केलें’. विठ्ठलें ही तृतीया, विठ्ठलानं. बापरखुमादेवीवर ही ज्ञानदेवांची नाममुद्रा. आता ‘ऐसें केलें’ ही तक्रार की कौतुक, ते म्हणणारीनं ठरवायचं. मला विचाराल तर भाचीनं ती ओळ रडवेली करू नये. थोडी लटक्या रागानं म्हणावी.