फोर लो सुटतोय? केस खोलायच्या आधी लिंकेज बघा

चढावर फोर लो (4x4 गाडीचा कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर) टिकतो पण उतारावर अॅक्सिलरेटर सोडला की दांडी उडून न्यूट्रलला येते असं तुम्ही लिहिलंय, तर लगेच ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) खाली उतरवू नका. आधी चाकांना दगड किंवा ठोकळ्यांची ओट लावा, कारण केस न्यूट्रलला असली की गिअरबॉक्स गिअरमधे असूनही गाडी घरंगळते, हे खरंच जिवावर बेतू शकतं. मग खालून लिंकेज (दांडीला केसशी जोडणारे रॉड) सोडा आणि केसवरचा लिव्हर हाताने फोर लोमधे ढकला, शेवटी टक्क करून बसतो का बघा. हाताने पूर्ण बसतो पण लिंकेज जोडून गाडीच्या आतल्या दांडीने बसत नाही तर दोष बाहेरच आहे, बुश झिजलेत, अॅडजस्टमेंट हललीय किंवा माउंटिंगचं रबर दबल्यामुळे दांडी फ्लोअरला अडतेय, आणि गिअर अर्धाच बसला की तो सुटणारच.

टक्क जाणवत नसेल तर डिटेंटचा (गिअर जागेवर धरून ठेवणारा) बॉल आणि स्प्रिंग काढून बघा, बऱ्याच ट्रान्सफर केसमधे ते बाहेरच्या बोल्टखालीच असतात. त्यानंतरही सुटत असेल तर मग केस उघडून शिफ्ट फोर्कचे (कॉलर सरकवणाऱ्या काट्याचे) पॅड, स्लायडिंग कॉलरचे (गिअरमधे अडकणाऱ्या सरकत्या कड्याचे) दात आणि बेअरिंगचा प्ले म्हणजे ढिलेपणा तपासा. दातांच्या कडा गोल झाल्या असतील तर लोड उलटा पडला की कॉलर मागे सरकते, तिथे नवीन कॉलर आणि तिच्या जोडीचा गिअर दोन्ही टाका, एकच बदलून पुन्हा तेच होतं.

आणि कृपा करून दांडी हाताने दाबून किंवा दोरीने बांधून गाडी चालवू नका, सगळा भार फोर्कवर येतो आणि तो झपाट्याने झिजतो. ऑइल काढाल तेव्हा त्यात चुरा आहे की तुकडे, तेवढं सांगा.