बीटा टाकलेल्या फोनचे अनुभव: लॅग, तापणं, अडखळणं

पारिजातक
काल भाच्याचा फोन आला. "मावशी, नवीन बीटा आलाय, टाकू का?" बीटा म्हणजे फोनच्या सिस्टिमची, सगळ्यांना देण्याआधीची चाचणी आवृत्ती. बारावीला आहे तो, फोन एकच, क्लासचे सगळे व्हिडिओ त्यातच. नको म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तशीच बसले.

२०१९चा पावसाळा आठवला. त्या वर्षी सगळ्यांना डार्क मोड हवा होता, मलाही. रोजच्याच फोनवर बीटा टाकला. चार दिवस नव्याची नवलाई. मग कीबोर्ड यायला वेळ, फोटो उघडायला वेळ. चालतंय ना, म्हणून चालवून घेतलं. एका रात्री दीड वाजता रिंग वाजली. रिंग वाजतेय आणि पडदा काळा. दाबतेय, बोट फिरवतेय, काही नाही. हिरवं बटण दिसलं तोवर रिंग बंद. उलट फोन लावावा तर नंबरांची यादी उघडेना. शेजारच्या काकूंचं दार वाजवून त्यांचा फोन घेतला, तेव्हा कळलं की दादाचा नंबरच मला पाठ नाही. साताऱ्यात बाबांना दवाखान्यात नेत होते तेव्हा.

बाबा त्यातून उठले. आज अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचतात. पण तो काळा पडदा डोळ्यापुढून जात नाही. तुमचे अनुभव लिहा. भाच्याला वाचायला देणार आहे.

घाटवाट
बाबांना नमस्कार सांगा. तुमचं वाचून आधी बायकोचा आणि भावाचा नंबर पाठ केला.

माझं ताम्हिणीत झालं. जुलै, धुकं, नकाशावरचा बाण गाडीच्या मागून येतोय. वळण मागे पडलं की सांगणार, वळा. फोन चार्जिंगला लावलेला, हातात धरवेना इतका गरम. शेवटी टपरीवर थांबून रस्ता विचारला. भजी खाल्ली, तोवर फोन निवला आणि नकाशाही सरळ चालायला लागला.

पोळपाट
मी मंडईत. मेथीच्या दोन जुड्या, पाव किलो गवार पिशवीत पडली, पैसे द्यायला कॅमेरा उघडला तर नुसता काळा चौकोन. मागे रांग. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, राहू दे बाई, उद्या दे. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी त्यांचे पैसे दिले. तेव्हापासून पर्समध्ये दोनशे रुपये सुटे असतातच. कणीक मळून ठेवलीय, येते नंतर.

कसोटी
ॲप तपासणं हे माझं रोजचं काम, म्हणून फोन का अडखळतो ते सांगतो. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगतो, म्हणजे एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. १२० हर्ट्झचा असेल तर फक्त ८.३. तेवढ्यात चित्र तयार झालं नाही की जुनंच परत दिसतं. बोट पुढे, पडदा मागे. बीटात फोन आतल्या आत नोंदी लिहीत असतो, चुका पकडायच्या तपासण्या चालू ठेवलेल्या असतात आणि वेगावरचं बरंचसं काम शेवटी होतं. त्यात अपडेटनंतर फोटोंची सूची परत बनते, अँड्रॉइडवर ॲप नव्याने कंपाइल होतात, म्हणजे चिपला समजेल अशा रूपात परत तयार होतात. हे सगळं एकदम चाललं की चिप तापते, आणि तापली की स्वतःला जपायला वेग कमी करते. घाटवाट, तुमचा बाण त्यामुळे मागे पडला असणार.

पहिल्या दोन दिवसांवरून निकाल देऊ नका. रात्रभर चार्जिंग आणि वायफायवर ठेवा, मग बघा. पण आयफोनचा जूनमधला पहिला डेव्हलपर बीटा, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीचा, रोजच्या फोनवर नकोच.

दिवेलागण
दोन दिवस? माझा तर आठवडा गेला. पहाटेची गाडी होती, अलार्म वाजला तो पाऊण तास उशिरा. लेकीची मुलाखत होती पुण्यात. एसटीने उभ्याने नेली तिला. वेळेत पोचलो, पण अख्ख्या वाटेत ती माझ्याशी बोलली नाही.

पारिजातक
अगं बाई. मिळाली का नोकरी?

दिवेलागण
मिळाली! आता ती मला सांगते, आई, अपडेट नको मारूस.

निवळी
हॉस्टेलचे दिवस आठवले, २०१२-१३. सायनोजेनमॉड म्हणजे हौशी लोकांनी बनवलेलं अँड्रॉइड. त्याचा रोजचा नवा बिल्ड, म्हणजे ताजी आवृत्ती, त्याला नाईटली म्हणायचो. रात्री मेसवरून आलो की डाउनलोड लावायचा, आधी बॅकअप, मग फ्लॅश, म्हणजे तो फोनमध्ये बसवायचा, मग डॅल्विक कॅश, म्हणजे ॲपची साठवलेली तयार रूपं, पुसायची. त्यानंतर पडद्यावर आकडे सरकत राहणार, इतक्यांपैकी इतकी ॲप झाली. चौघंजण एका फोनभोवती. २०१२ला अँड्रॉइड ४.१ आला, पडदा गुळगुळीत सरकवणाऱ्या प्रोजेक्ट बटरवाला, तेव्हा यादी बोटाबरोबर कशी सरकते ते दाखवायला मी पूर्ण विंग फिरलो होतो. २०१६ अखेर सायनोजेनमॉड बंद झालं, लिनिएजओएसने पुढे चालवलं. त्याच वर्षी अँड्रॉइड ७ने ते ॲप मोजत वाट बघणंही संपवलं. त्या चौघांतला एक आज मोबाइलच्या चिपवर काम करतो, बंगळुरूला. त्याचा पाया त्या खोलीत घातला गेला असं मी मनापासून मानतो.

बाराखडी
मी शिक्षिका, दिवसभर मराठीत टाइप करते. बीटात मराठी कीबोर्ड इंग्रजीपेक्षा जास्त अडखळायचा. 'विद्यार्थी' लिहिताना रफार इतका उशिरा उमटायचा की मी तो परत द्यायची. पालकांच्या ग्रुपवर चुकीचे शब्द गेले, फार वाईट वाटलं. मग पडदा रेकॉर्ड केला आणि कळवलं: कोणतं ॲप, कोणती अक्षरं, किती वेळ लागतो, फोन तापलेला होता का. नुसतं 'स्लो आहे' लिहून पलीकडच्याला काय कळणार? तिसऱ्या बिल्डमध्ये रफार जागच्या जागी आला. माझ्यामुळे की आणखी कुणी कळवलं होतं, देव जाणे, पण त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले. आपली जोडाक्षरं आपणच तपासली पाहिजेत हो. ज्यांच्याकडे जास्तीचा फोन आहे त्यांनी नक्की बीटा टाका आणि मराठीतच वापरा.

फ्रांकफुर्टकर
बाराखडीताई, शंभर टक्के. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतला एक 'ज्ञा' मेसेजमध्ये आला की आयफोनवरची ॲप बंद पडत होती. आयओएस ११.३ च्या बीटात ते आधीच दुरुस्त होतं. बाकीच्यांसाठी मग ११.२.६ आलं. एका जोडाक्षराने एवढं केलं.

रानमोगरा
माझं लॅगचं नाही, परत येण्याचं आहे. कंटाळून बीटातून बाहेर पडले. अँड्रॉइडचा अंतिम अपडेट यायच्या आधी बाहेर पडलं की फोन पूर्ण पुसला जातो. सूचना आली होती, मी न वाचता 'हो' दाबलं. आजीचा आवाज होता त्यात, जात्यावरच्या ओव्या म्हणतानाचा. दुसरीकडे कुठेच नव्हता.

पोळपाट
रानमोगरा, जीव तुटला वाचून. मामा-मावशीकडे, चुलत भावंडांकडे विचारलंस का? कुणाला तरी पाठवला असशील व्हॉट्सॲपवर.

रानमोगरा
आत्याला विचारते आजच. डोक्यातच आलं नव्हतं.

कसोटी
भाच्यासाठी: आयफोन असेल तर बीटा टाकण्याआधी संगणकावर बॅकअप घेऊन तो आर्काइव्ह कर, म्हणजे पुढचा बॅकअप त्याच्यावर लिहिला जाणार नाही. बीटावर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर परत बसत नाही.

घाटवाट
दिवेलागण, चावीचं गजराचं घड्याळ घ्या. आमच्याकडे आजोबांचं आहे, अजून चालतं. टिकटिक मोठी आहे फक्त.

दिवेलागण
कुठे मिळेल हो आता?

पारिजातक
भाच्याने सगळं वाचलं. म्हणाला, तुझा जुना फोन दे, त्यावर टाकतो. शोधून दिला, तर त्या फोनला नवा बीटा मिळतच नाही! आता परीक्षा झाल्यावर, असं ठरलंय. आणि माझा, त्याच्या आईचा, आजोबांचा नंबर त्याने मला तोंडपाठ म्हणून दाखवला.

रानमोगरा
आत्याकडे आहे. आवाज थोडा चिरका येतो, पण दोन ओव्या पूर्ण आहेत. पोळपाटताई, तुम्हाला पाठवू?

पोळपाट
पाठव ग. स्वयंपाक आवरून निवांत ऐकते.